उमेच्या दारावरची काटी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय प्राध्यापिका दमयंतीताई वर्तक. मुंबईहून वेळ काढून आलेले आणि मनोरच्या फाट्यावरच्या वाहतुकीने ज्यांचं आमच्या तालुक्यात पहिलं स्वागत केलं ते सन्माननीय प्रमुख पाहुणे. सांस्कृतिक मंडळाचे धडपडे कार्यवाह कमलेश पाटील. व्यासपीठावरील इतर मान्यवर. समोर बसलेले पाम, तारापूर, दांडी आणि बोईसरचे माझे सगेसोयरे, स्नेही, बंधुभगिनी. आणि तिसऱ्या रांगेत बसलेली मासवणची मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मासवणच्या मंडळींची ओळख निवेदनात राहून गेली. त्यात कमलेशचा दोष नाही, त्याच्या यादीत ती नव्हतीच. त्यांना मी बोलावलंय. त्यांना घेऊन आलेला टेम्पोवाला मघाशी दारात मला विचारत होता, "अंकल, आपका भाषण लंबा है क्या? मेरी कंपनी की ट्रिप है." मी त्याला म्हटलं, बाबा रे, हा प्रश्न गेली कित्येक वर्षं या सभागृहातला प्रत्येक जण मनात विचारतो, तोंडावर विचारणारा तू पहिला.

आपण हसलात, बरं वाटलं. दिनानाथ राऊत बोलायला उभा राहिला की लांबतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मी लांबलो की माझी पत्नी मंदा पहिल्या रांगेतून खूण करते. चष्मा काढून पर्समध्ये ठेवते. आज मी तिला विनंती करून आलोय की, चष्मा काढू नकोस. आज मला थांबवू नकोस.

आत्ताच कमलेशने मानपत्र वाचलं. आवाज छान आहे त्याचा. माझे आजोबा कैलासवासी नारायण राऊत, म्हणजे आपल्या सगळ्यांचे नारूशेठ, यांना त्यात काय काय म्हटलंय ते आपण ऐकलंत. मूकपटाच्या काळात आपल्या मातीत चित्रपट काढणारे द्रष्टे पुरुष. पडद्यावर खरीखुरी आग दाखवणारे धाडसी कलावंत. आणि मग ते वाक्य, ज्याला आपण सर्वांत जास्त टाळ्या दिल्यात: "आगीत भस्मसात झालेला मासवणचा पाडा स्वखर्चाने बांबू व गवत देऊन पुन्हा उभा करणारे दीनांचे कैवारी." त्यांच्या नावाने ही शाल माझ्या खांद्यावर घातली गेली. उजवीकडच्या भिंतीवर तो लाल पडदा आहे, त्याच्यामागे या सभागृहाला दिलेलं त्यांचं नाव आहे, आणि भाषण झालं की मी ती दोरी ओढायची, असा कार्यक्रम आहे.

शाल खांद्यावर आहे आणि मला उकडतंय. एवढा एसी चालू असून उकडतंय. कारण मला लाज वाटते आहे. हे वाक्य मी घरून ठरवून आलो होतो, पण ते कुठे घालावं हे काही सुचत नव्हतं. घातलं एकदाचं. आता पुढचं बोलता येईल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. त्या काळी एक कादंबरी फार गाजली होती, 'उमेचे घर'. आमच्या घरात तिची प्रत होती. बायका ती उशीखाली ठेवून वाचत आणि पुरुष बायका झोपल्यावर वाचत. गोष्ट साधी. उमा नावाची तरुण विधवा. सासरचं घर तिच्या नावावर येतं आणि त्या दिवसापासून दीर, सासरा, शेजारी, भटजी, जो तो तिला शहाणपण शिकवायला लागतो. शेवटी उमा काय करते? काही नाही. दार ओढून घेते आणि निघून जाते. कादंबरी तिथे संपते.

ती कादंबरी आजोबांना फार आवडायची, आणि तिचा शेवट अजिबात आवडायचा नाही. ते म्हणायचे, "दार ओढून घेतलेलं बघायला कोण येणार? घर पेटलं पाहिजे." आमच्या घरात हे वाक्य थोरामोठ्यांच्या वचनासारखं सांगितलं जायचं. म्हणून मग मुंबईच्या एका छायाचित्रकार मित्राला हाताशी धरून त्यांनी जो चित्रपट काढला त्याचं नाव 'उमेची होळी'.

कादंबरीतलं त्यात काय उरलं होतं म्हणाल, तर उमा उरली होती. मूळची उमा पुण्याच्या पेठेत राहते, आजोबांची उमा डोंगरात कुडाच्या घरात. मूळचा सासरा वकील आहे, आजोबांनी त्याला समुद्री लुटारू केला, कारण दांडीच्या मंडळींनी होड्या विनामूल्य दिल्या होत्या आणि मिळालेली होडी वाया कशी घालवायची? लेखकमहाशयांनी म्हणे चित्रपट पाहून विचारलं होतं, "यात माझी कादंबरी कुठल्या जागी आहे?" खरं-खोटं देव जाणे. पण ती आग पाहायला लोक गाड्या जुंपून आले, हे खरं. आणि त्या आगीमुळेच आम्ही राऊत या तालुक्यात 'सिनेमावाले राऊत' झालो.

त्या आगीचा एक किस्सा आहे. तो मी या सभागृहात किमान तीनचार वेळा तरी सांगितलाय, आपण हसलाही आहात. उमेचं काम करणाऱ्या बाई गवताची जळती चूड हातात घ्यायला घाबरल्या नाहीत, पण दाराला हात लावताना तळहातात काटा गेला आणि त्यांनी असा आरडाओरडा केला की चित्रण थांबलं. आजोबांनी स्वतः सुईने काटा काढला. "नायिका आगीला नाही भ्यायली, काट्याला भ्यायली," असं म्हणून मी थांबायचो, आणि हशा यायचा. माझे वडील हा किस्सा कधीच सांगत नसत. मला वाटायचं, बाबांना विनोद जमत नाही.

चित्रपट पुढे नाहीसा झाला. आमच्यातल्या कुणीच तो पाहिला नव्हता. मग मध्यंतरी मुंबईत एका जुन्या गोदामात त्याचे डबे सापडले. बाकीच्यांचा चिखल झाला होता, शेवटचा डबा तेवढा वाचला. जाणकारांनी तो साफसूफ करून दिला, आणि माझा मुलगा चिराग एक दिवस तो पेनड्राइव्हवर घेऊन घरी आला. आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. मंदाने भजी केली होती. आजोबांचा चित्रपट आम्ही पहिल्यांदा पाहत होतो, माझे डोळे भरून आले होते.

आपणही तो आता थोड्या वेळाने पाहणार आहात. म्हणून सांगतो, त्यात काय आहे. डोंगराच्या पायथ्याशी कुडाची चारपाच घरं. उमा एका घराशी येते. दारावर आडवी बांधलेली एक फांदी ती ओढून काढते, हात झटकते, आत जाते. चूड पेटवून बाहेर येते आणि छपराला लावते. मग डाव्या बाजूने एक बाई पळत येते. दोन्ही हात वर, तोंड उघडं, एका पायाने लंगडत. ती उमेपर्यंत पोहोचणार, इतक्यात कोटाची बाही घातलेला एक हात कडेने येतो आणि तिला धरून बाहेर ओढतो. मग नुसती आग. एकावरून दुसऱ्या घरावर. उमा पाठ फिरवून चालू लागते. समाप्त.

आग लागली तेव्हा आम्ही घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सर्वांत जोरात.

नंतर मंदाने तो पुन्हा लावायला सांगितला. चिराग झोपायला गेला होता, आम्ही दोघंच होतो. फांदी आली तशी ती म्हणाली, "अहो, थांबवा जरा. ही काटी आहे ना?"

मी म्हटलं, "असेल कुठली तरी फांदी."

मित्रहो, आपल्यातले जे वाडीवाले आहेत त्यांना काटी म्हणजे काय हे सांगायला नको. जे कंपन्यांमधल्या नोकऱ्यांसाठी इथे आले त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळी झाली, भात झोडून झालं, की डोंगराकडची माणसं कामाला खाली येतात. कुणी गवत कापायला, कुणी आमच्या वाड्यांमध्ये पानवेलीला पाणी लावायला. जाताना दाराला कुलूप कुठलं लावणार? दार ओढून घेतात आणि त्याच्यावर बोरीची काटेरी फांदी आडवी बांधतात. काटी लावलेली म्हणजे माणसं आहेत, कामाला गेलीत, परत येणार आहेत. लहानपणी बाबांच्या बैलगाडीतून मी मासवणला जायचो. लांबूनच दारावर काट्या दिसल्या की बाबा गाडी वळवायचे आणि म्हणायचे, "चला, सगळे आपल्याकडं पोचलेत."

मी हे सगळं जाणून होतो. माझ्या हाडामांसात हे होतं. आणि तरी मी माझ्या बायकोला म्हणालो, असेल कुठली तरी फांदी.

मंदाने टीव्ही बंद केला. त्याच आठवड्यात मी आजच्या स्मरणिकेसाठी लेख लिहायला घेतला. स्मरणिका आपल्या हातात आहे. माझा लेख चाळलात तर त्यात एक परिच्छेद सापडेल: "आगीच्या दृश्यात धावत येणाऱ्या त्या अनाम ग्रामकन्येचा उत्स्फूर्त अभिनय आजच्या कसलेल्या नटीलाही लाजवील." हे मी लिहिलं. काटी पाहिल्यानंतर लिहिलं. पुढे मला सगळं कळल्यावर कमलेशने सहज विचारलं, "काका, लेखात काही बदलायचंय का?" तेव्हा मी सांगितलं, राहू दे, आता वेळ नाही. वेळ होता. दोन दिवस होते.

आता दीपाबद्दल. दीपा इथे बसली आहे, तिची परवानगी घेऊनच बोलतो. दीपा मासवणची, बोईसरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. मंदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती ड्रेसिंग करायला आमच्याकडे येत असे. गुणी मुलगी, हात इतका हलका की मंदा तिची वाट बघायची. एक दिवस मंदानेच तिला म्हटलं, बघ गं, तुमच्याच भागातला सिनेमा आहे, आणि लावला. मी पेपर वाचत बसलो होतो. ती लंगडती बाई पडद्यावर आली आणि गेली. दीपाने कापूस ट्रेमध्ये ठेवला.

"काका, ही बाई कोन?"

"असेल कुणीतरी. कामाला बोलावलेली."

"ती लंगडते."

"हो, अभिनय चांगला केलाय."

दीपा म्हणाली, "माझ्या आजीची आजी लंगडत हुती. चिमी नाव तिचं. आमच्या घराला अजून जाळणारीचं घर बोलतात." आणि तिने पट्टी बांधून पूर्ण केली, नीट, नेहमीसारखी, आणि गेली. त्या दिवशी मंदा माझ्याशी जेवणापुरतंही बोलली नाही.

मी मासवणला गेलो. दीपाची आजी गोदूबाई ओट्यावर वाल सोलत बसली होती. वय झालंय, पण नजर माझ्यापेक्षा चांगली. मला बघून म्हणाली, "तू नारूशेटचा नातू काय? तोंड तेच हाय." माझ्या तोंडाचं आजवर सगळ्यांनी कौतुकच केलंय. त्या दिवशी पहिल्यांदा ते तोंड कुठे लपवावं असं झालं.

दीपाने खुर्चीवर लॅपटॉप ठेवला. गोदूबाईने काटी काढताना पाहिली, वाल सोलत राहिली. छप्पर पेटताना पाहिलं, तरी सोलत राहिली. मग ती लंगडती बाई आली आणि गोदूबाईचा हात पुढे गेला. वालाची सालं मांडीवरून खाली पडली. "आजी," ती म्हणाली. "परत लाव." दीपाने परत लावलं. किती वेळा लावलं ते मी मोजलं नाही.

मग तिने मला विचारलं, "पेटीवाला कुठं हाय?"

मला कळेना. दीपाने सांगितलं, चिमी जे सांगायची त्यात एक पेटीवाला होता. चिमीचा पाय मोडलेला, म्हणून त्या वर्षी ती कामाला गेली नव्हती, पाड्यावर कोंबड्या राखत एकटी राहिली होती. बाकीचे परत आले तर घरांच्या जागी राख. भांडी वितळलेली, छपराला टांगलेलं बियाणं गेलेलं. सगळ्यांनी चिमीला विचारलं, काय झालं? चिमीने खरं ते सांगितलं. म्हणाली, कोटवाले लोक आले. एक बाई आली, ती रडत हुती, मग हसत हुती, मग परत रडत हुती. तिनं घर पेटवलं. आन एक मानूस पेटीचा दांडा फिरवत उभा हुता, आग इझवली नाय कोनी.

सांगा, यावर कुणी विश्वास ठेवला असता? आपण ठेवला असता? रडणारी-हसणारी बाई येते, शेठ लोक गरिबाचं घर पेटवतात आणि एक माणूस पेटी फिरवतो. पाड्यावर सिनेमा हा शब्दसुद्धा पोहोचला नव्हता. लोक म्हणाले, ही खोटं बोलते. कुणी म्हणालं, हिला भूल पडली. मग भगताला बोलावलं, त्याने तांदूळ टाकले, नाव चिमीचं निघालं. भुताळी, चेटकीण. तिला पाड्याबाहेर काढलं. ती सूर्या नदीपलीकडे एका शेताच्या बांधावर लहान मुलाला घेऊन राहिली, आणि म्हातारपणी परत आली तीही पाड्याच्या कडेला. गोदूबाई तिच्याजवळ वाढली. पेटीवाल्याची गोष्ट तिने आजीच्या तोंडून ऐकली आणि, तिच्याच शब्दांत सांगतो, "मला पन खरी नाय वाटली कदी."

आता इथे कुणाच्या मनात आलं असेल की काय ही अंधश्रद्धा. थांबा. अडाणी कोण ते नंतर ठरवू. चिमीला निर्दोष ठरवायला एक शब्द पुरेसा होता, आणि तो शब्द ज्याच्याजवळ होता तो माणूस पुढे मासवणला गेला होता. बांबू आणि गवताच्या गाड्या घेऊन. तेच ते, ज्याला मघाशी टाळ्या पडल्या. बांबू खरे होते, गवतही खरं होतं. आजोबांनी ती घरं पुन्हा बांधून दिली आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. पाड्याच्या लोकांनी त्यांचे पाय धरले. आणि बाहेर बांधावर चिमी बसली होती.

मी गोदूबाईला म्हटलं, पेटीवाला दिसत नाही, कारण पेटीच हे सगळं बघते आहे. आपण आत्ता जिथून बघतोय ना, तिथेच तो उभा होता. तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "म्हंजे आजी आपल्याकडंच पलत येते."

मी आजोबांसाठी सबबी शोधल्या नाहीत असं समजू नका. वकिलासारख्या शोधल्या. म्हटलं, त्यांना वाटलं असेल, ओसाड पाडा आहे. कोटाची ती बाही दुसऱ्या कुणाची असेल, तसे कोट त्या काळी पुष्कळांकडे होते. हे सगळं मी गोदूबाईच्या ओट्यावर बसून मनात जुळवत होतो, तेवढ्यात ती सहज म्हणाली, "तवा आमची सगली मानसं तुमच्याच वाडीत हुती. पानवेलीला पानी लावत हुती." माझी वकिली तिथे संपली. पाडा रिकामा आहे हे आजोबांना कसं कळलं? त्यांनीच तो रिकामा करवला होता. ज्यांची घरं पेटत होती ती माणसं त्या वेळी आमची वेल भिजवत होती.

आजोबा वाईट होते का? मला माहीत नाही. त्यांनी मला मांडीवर घेऊन विडा लावायला शिकवलं. पानाची शीर न मोडता चुना कसा लावायचा ते. त्यांच्यावर माझं प्रेम होतं, अजून आहे. ते जात नाही, म्हणून तर लाज जास्त वाटते. परक्याची लाज कुणाला वाटते?

मी पाड्यावर सगळ्यांना बोलवायला सांगितलं. समाजमंदिराच्या ओट्यावर बसलो, चित्रपट दाखवला, जे आत्ता आपल्याला सांगितलं ते सांगितलं, हात जोडले. वाटलं, झालं, सुटलो. मग ग्रामपंचायतीतला अंकुश उठला. पोरगा शांत आहे, आवाज चढवत नाही. म्हणाला, "काका, हितं सांगून काय? हितं तुमाला कोन काय बोलनार? तुमी आमचे पावने. आमच्यात तर चिमी जाळणारी नव्हती हे आता कळलं. पन आजूबाजूच्या पाड्यांना नारूशेट देव हाय अजून. जिथं तुमाला हार घालतात तिथं सांगा. आमी येतो ऐकायला."

ते आले आहेत. अंकुश आहे, दीपाचे वडील सुका आणि आई मंगळी आहेत, दीपा आहे, गोदूबाई आहे. आणि त्यांच्या शेजारी बसलेत ते पलीकडच्या पाड्याचे जाणते गृहस्थ. त्यांच्या पुतण्याचं आणि दीपाचं एकमेकांशी जमलं आहे. दोघांनी घरी सांगितलं, बोलणी सुरू झाली, आणि कुणीतरी म्हणालं, जाळणारीच्या घरातली ना ती? बोलणी थांबली. आजही थांबलेली आहेत. बाबा, तुम्ही माझ्या शब्दाखातर एवढ्या लांब आलात. मी तुम्हाला दीपाला सून करून घ्या असं सांगायला आलेलो नाही, तो माझा अधिकार नाही. मी एवढंच सांगायला उभा आहे की, चिमीने घर जाळलं नाही. ते घर माझ्या आजोबांनी जाळलं, सिनेमासाठी. त्यांना माहीत होतं की त्यात माणसं राहतात. चिमी खरं बोलत होती, पहिल्या दिवसापासून.

चिरागला हा कार्यक्रम असा व्हायला नको होता. तो म्हणाला, "बाबा, निदान आजच्या दिवशी नको. खाजगीत काय ते करा." मी त्याला रागावलो नाही. मीही आधी तेच करून पाहिलं होतं. पण चिमीला काही खाजगीत हाकललं नव्हतं.

तेव्हा अध्यक्षांची क्षमा मागून, ही शाल मी इथे खुर्चीवर ठेवतो. ती दोरी मी ओढणार नाही, आणि दुसऱ्या कुणी ओढू नये अशी मंडळाला विनंती आहे. कमलेश, तुझी मेहनत मला ठाऊक आहे, पाटी किती घाईने करून घेतलीस तेही. मनात आलं होतं की आजोबांच्या जागी चिमीचं नाव द्यावं. गोदूबाईला विचारलं तर म्हणाली, "नाव नको. तिनं जाळलं नाय, एवडंच सांग." म्हणून तेही सुचवत नाही. आपण याला सभागृह म्हणत आलो, तेवढं पुरे आहे.

चित्रपट मात्र दाखवायचा आहे. रूपेश, आगीच्या प्रसंगाला तू कीबोर्डवर जे चढतं संगीत बसवलंस ते मी तालमीत ऐकलं, फार सुंदर आहे. आज ते वाजवू नकोस. काहीच वाजवू नकोस. मूकपट आहे, मुकाच राहू दे. आणि आपल्या सर्वांना विनंती आहे, आग लागल्यावर टाळ्या देऊ नका. मी दिल्या आहेत, त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. उमा दारावरची काटी ओढून काढेल तेव्हा ती काटी नीट पाहा. डावीकडून जी बाई येईल तिचं नाव चिमी आहे. ती अभिनय करत नाही.

कादंबरीच्या शेवटी उमा दार ओढून घेते. मला आता तो शेवट फार आवडतो. त्यात कुणाचं काही जळत नाही.

मंदाचा चष्मा अजून डोळ्यावर आहे, पण बाहेर टेम्पोवाला ताटकळला असेल. अध्यक्षांचे, प्रमुख पाहुण्यांचे, मंडळाचे आणि एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात कुठे शब्द उणा-अधिक गेला असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर तेवढ्यापुरती क्षमा आपण करावी. बाकीच्याची क्षमा आपण करू शकत नाही. ती गोदूबाईकडे आहे. तिच्याजवळ मी ती पाड्यावर मागितली होती. ती म्हणाली होती, "आदी तिकडं सांग. मंग बगू."

गोदूबाई, सांगून झालं. मी खाली बसतो.